आठ दिवसांचं पाणी

दोन हजार सोळा साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो, तू बासष्टचा, आणि त्या वयात आपण दोघं एका पाण्यावरून भांडायला लागलो, हमीद. त्याआधी चाळीस वर्षं नुसती ओळख होती. भांडण लागलं आणि मग दोस्ती झाली. लोकांचं उलटं होतं.

ओळख मांडवातली. माझ्या लग्नाचा मांडव तुझ्या वडलांनी घातला. तू बांबूच्या शेंड्यावर चढून काथ्या आवळत होतास आणि खाली मी हळदीच्या अंगानं वर बघत उभा होतो, की हा गडी पडला तर आजचं लग्न राहिलं. पुढं पौडच्या बाजारातलं मांडवाचं दुकान तुझ्याकडं आलं. माझ्या पोरींची लग्नं तुझ्या मांडवात झाली. आईच्या दहाव्याला सावली तुझी, पुढं माझी बायको सरू गेली तेव्हा दारातलं पांढरं कापडही तुझंच. त्या दिवशी तू मजुरांना मागं ठेवून एकट्यानं बांबू रोवलेस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलास. मला ते बरं वाटलं होतं. कधी सांगितलं नाही.

आता खालचं पाणी. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढा पसरतो, तिथं पावसाळ्यानंतर पाणी साठून राहतं. भाताला ते खोल, पोहायला उथळ. त्याच्या तोंडाशी आमचा मोठा बांध. वरच्या खाचरातलं भात झोडून घरात आलं की मार्गशीर्षात बांध फोडायचा, पाणी ओढ्याला सोडायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरायचा. पहिलं फावडं घरच्या मोठ्या माणसानं मारायचं ही रीत. आज्यानं मारलं, बापानं मारलं, मी मारतो. त्या पाण्यावर थंडीत पाखरं येतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती बघायला कोणी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

भूगावला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या केतकी मॅडम दर रविवारी यायच्या. दुर्बीण लावून बसायच्या. त्यांनीच गावाला सांगितलं की आपण पाणथळ उत्सव करू, शाळेची मुलं येतील, पुण्याचे लोक येतील. गावाला उत्सव म्हटला की पुरे, कशाचा ते विचारत नाही. माझ्याकडं आल्या तेव्हा मी म्हटलं, रविवारी उत्सव करा, सोमवारी सकाळी मी बांध फोडणार. त्या हो म्हणाल्या. मांडव तुझा ठरला.

मग आपण यात्रेला करतो तसंच सगळं केलं. हलगी लावली. तुझे दोन भोंगे बांधावर बांधले, तोंडं पाण्याकडं, कारण तिकडं मोकळं होतं आणि आवाज लांब जाईल. तू स्वतः माइक धरून "हॅलो, हॅलो, चेक" केलंस. पाव्हण्यांनी फीत कापली आणि तिकडं पोरांनी फटाक्यांची माळ लावली.

सगळं पाणी एकदम उठलं. बदकं, बगळे, पाणकावळे, लांब तांबड्या पायांचे शेकाटे, जे काय होतं ते. वर एक फेरी घातली आणि धरणाकडं गेलं. धूर खाली बसला तेव्हा पाण्यावर माळेचे लाल कागद तरंगत होते आणि पुण्याची माणसं दुर्बिणी लावून त्या कागदांकडं बघत होती.

"पक्षी कुठं आहेत?" एका बाईनं विचारलं.

"आत्ता हितंच व्हते," मी म्हणालो.

हसावं का रडावं कोणाला कळेना. मॅडमचा चेहरा उतरलेला. तू भोंग्याची वायर उपटलीस आणि माझ्या शेजारी बांधावर येऊन बसलास. मग म्हणालास, "गणपत, मला वाटलं व्हतं आवाज समद्यांनाच आवाडतो." तुझं आयुष्य त्या आवाजावर गेलेलं. मला तुझ्याकडं बघवेना, म्हणून मी म्हणालो, "भोंगं कोंकणात इक, तितं पावसाचा आवाज लई असतो." तू हसलास. ती आपली पहिली थट्टा.

पुढल्या वर्षी तू भोंगे घरी ठेवून आलास. टेम्पोतून फक्त हिरव्या कनाती उतरवल्यास. पाण्याच्या कडेनं बांबू रोवून कनात ताणलीस, आणि खिशातून कात्री काढून तिला माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर भोकं पाडलीस. मुलांसाठी खाली, मोठ्यांसाठी वर. हमीद, माझ्या थोरलीच्या लग्नात मेव्हण्यानं फुलं लावायला कापडाला एक टाचणी टोचली तर तू त्याला पंगतीतून उठवायला निघाला होतास! तोच तू आपल्या नव्या कनातीला कात्री लावत होतास आणि वर मला सांगत होतास, "मागं बस, खोकू नको, आन बग." मी बसलो. भोकातून बघितलं. माझंच पाणी, पण मी ते असं कधी बघितलं नव्हतं. शेकाट्या चालत होता. तू कानाशी म्हणालास, "ह्याचं पाय बग. बांबूवर मांडव उबा केल्यावाणी हाय का न्हाई?"

तेव्हापासून तो तुझा बांबूवाला झाला.

नारळावरून आपलं जुंपलं ते त्याच वर्षी. तू म्हणालास, नारळ फोडायचा नाही, आवाज होतो. मी म्हणालो, नारळाशिवाय सुरुवात म्हणजे सुरुवातच नव्हे. मॅडम मधे पडल्या. शेवटी तू नारळ गोणपाटात गुंडाळलास आणि मी तो गोणपाटासकट दगडावर आपटला. फुटला का नाही तेच कळेना. उघडून बघितला तर नीट दोन भकलं. तू म्हणालास, "बग, देवाला बी हळू बोललेलं ऐकू येतं." मी म्हणालो, "तुज्या देवाला. आमच्याला जरा मोठ्यानं लागतं." पण पुढं दर वर्षी गोणपाट मीच घरून नेऊ लागलो.

ही भांडणं लहान. खरं भांडण सोमवार सकाळचं. तू मांडव सोडवायला यायचास, मी फावडं घेऊन बांधावर असायचो. बांबू उपटून झाले की हात पुसत माझ्याकडं यायचास.

"गणप्या, आठ दिस थांब की."

"का?"

"आत्ता कुटं बसल्यात ती. पाव्हणं आल्यावर दुसऱ्या दिशी पाणी तोडतुया व्हय कुनी?"

"पाव्हणं तुजं. हरभरा माजा."

"हरभरा बाजारात मिळतो."

"मांडव बी बाजारात मिळतो. तुज्याकडनं कशाला घ्यायचा मग?"

आणि मी पहिलं फावडं मारायचो. तू तोंड फिरवायचास, पण जायचा नाहीस. पाणी ओढ्याला लागेपर्यंत तिथंच उभा राहायचास आणि एक एक पाखरू उठलं की मला ऐकवायचास, "हे गेलं. ते बी गेलं. झालं समाधान?" पुढं माघात मी तुझ्या घरी हरभऱ्याच्या पेंढ्या पाठवायचो, हुळा भाजायला. तो खाताना तुला पाखरांची आठवण यायची नाही. भाभी सांगायच्या, सगळ्यात जास्त हाच खातो.

मी आजही म्हणतो की माझं बरोबर होतं. आठ दिवस उशीर झाला की गाळ सुकून वापसा उशिरा येतो, पेरा पुढं जातो, ऊन तापायला लागतं आणि घाटे भरत नाहीत. नुसता पाला होतो. तू मांडववाला, तुला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तू गेलास म्हणून माझं म्हणणं खोटं होत नाही. हे पहिलं सांगून ठेवतो.

करोनाच्या साली उत्सव झालाच नाही. मॅडमचा फोन आला की बंदी आहे. सरूला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. पोरगा तासाभरावर चांद्याला, पण त्याच्या सोसायटीचं फाटक बंद, म्हणून तोही येईना. मी घरात एकटा भाकरी थापायला शिकत होतो. त्या रविवारी सकाळी टेम्पोचा आवाज आला. बघतो तर तू. एकटाच. मागं एक कनात आणि चार बांबू. तोंडाला रुमाल बांधलेला.

"बंदी हाय ना?" मी म्हणालो.

"पाव्हण्यांना हाय. आपुन काय पाव्हणं हाय का?"

दोघांनी बांबू रोवले. तू म्हणालास, प्रमुख पाहुणा तू. मी म्हणालो, मग सत्कार कर. तू गळ्यातला पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकलास. घामानं ओला होता. मी म्हणालो, "शाल जरा वाळवून तरी आणायची." आणि दोघं कनातीमागं बसलो, मधे एक माणूस बसेल एवढं अंतर सोडून. दुपारपर्यंत बसलो. तू एका भोकाशी, मी एका भोकाशी. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा उत्सव होता, आणि तो बघायला कोणीच नव्हतं. मला तेव्हाच म्हणायचं होतं की हमीद, तू आला नसतास तर आजचा दिवस मला गेला नसता. मी काय म्हणालो? म्हणालो, "उद्या लवकर ये, बांध फोडायचाय." तू म्हणालास, "आठ दिस थांब." आणि सुरू झालं.

गेल्या वर्षी तुझ्या छातीनं दम सोडला होता. मांडव तुझ्या पोरानं, अस्लमनं घातला, तू टेम्पोत पुढं बसून त्याला हातानं खुणा करत होतास. सोमवारी सकाळीही आलास, पण खाली उतरवेना. मी फावडं घेऊन रस्त्याला तुझ्याजवळ आलो. म्हटलं, बोल काय बोलायचंय ते. तू काचेतून पाण्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "फोड बाबा. तुजा बांध हाय."

मी फोडला. पण त्या दिवशी पाणी वाहताना मला चैन पडेना. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा भांडला नव्हतास.

यंदा दिवाळी झाल्यावर तुला बघायला आलो. खाटेवर उशाला तीन उश्या लावून बसवलेलं. नाकात नळी. भाभींनी चहा दिला आणि बाहेर गेल्या.

"पाणी किती हाय?" तू विचारलंस.

"गुडघ्याच्या वर."

"आला का?"

"कोण?"

"कोण म्हंजे? बांबूवाला."

"आलाय. दोन हायेत. काल तुज्या नावानं चौकशी करत व्हते."

तू हसलास आणि हसता हसता खोकला लागला. मी पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागली. दम खाऊन तू म्हणालास, "गणप्या, यंदा तरी आठ दिस."

तुला बरं वाटावं म्हणून कोणीही हो म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. खाटेवरच्या माणसाला हो म्हणणं म्हणजे तू आता उठत नाहीस हे कबूल करणं. मी म्हणालो, "हितं न्हाई बोलायचं. बरा हो, मांडव घालायला ये. तितं बांधावर उबा राहून भांडू." तू मान हलवलीस. म्हणालास, "येतो."

तू कार्तिक संपायच्या आत गेलास.

मी पौडला पोचलो तेव्हा तुझ्या दारात मांडव होता, पण तुझा नव्हता. अस्लमनं दुकान उघडलं नव्हतं, शेजारच्या कोणी कापड बांधलं होतं. एक बांबू हलत होता. लोक बसलेले, कोणी रडतंय, कोणी पढतंय, आणि माझं लक्ष त्या बांबूवर. शेवटी मी उठलो, गाठ सोडली आणि तू मारायचास तशी दोन वेढ्यांची फिरवून मारली. मग बसलो. तेवढंच मला करता आलं. खांदा दिला. कब्रस्तानात अस्लम म्हणाला, काका, तीन मुठी टाका. टाकल्या. माती भुरभुरीत, कोरडी. माझ्या गाळासारखी नाही.

परत येताना एस.टी.त खिडकीशी बसलो आणि ध्यानात आलं की मला गणप्या म्हणणारं माणूस आता उरलं नाही. आई गेली. सरू तर नावच घेत नव्हती. पोरं बाबा म्हणतात, गाव आबा म्हणतं, मॅडम काका. चौघांत मान आहे. पण मानानं हाक मारणारे पुष्कळ असले तरी घर बोलत नाही. संध्याकाळी दारात बसतो. रस्त्यानं मांडवाचे बांबू घेऊन टेम्पो गेला की मान वर होते. लग्नसराई आहे, टेम्पो सारखे जातात.

यंदाचा उत्सव तुझ्याशिवायचा. आधी मॅडम म्हणाल्या, यंदा राहू देऊ या का? मी म्हटलं, का, पाखरं आली नाहीत का? मग अस्लम आला. दारातच उभा राहिला.

"काका, अब्बांचा फोटो लावायचाय. मोठा, रस्त्याकडनं दिसंल असा. आन थोडा वेळ माइक लावू. तुमी दोन शब्द बोला."

"भोंगा लावलास तर तुजा बाप कबरीतनं उठून वायर उपटंल."

"उठला तर बरंच हाय की, काका."

मग मी त्याला आत घेतलं, चहा केला. साखर जास्त पडली. त्यानं तक्रार न करता प्याला. भोंगा आणला नाही.

फोटो आम्ही कनातीच्या आतल्या बाजूला टांगला, लहानच. शाळेची मुलं आली, पुण्याची माणसं आली, चांद्याहून माझा पोरगा आला आणि मोबाइलवर बोलत लांब उभा राहिला. नारळ मी फोडला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हमीदभाईंबद्दल काही सांगता?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चौथी शिकलेला माणूस, पण बोलायला कधी कोणाला भ्यालो नाही, ग्रामसभेत भल्याभल्यांना खाली बसवलंय. त्या दिवशी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडं बघितलं, आणि "पाणी बगा" एवढंच म्हणून बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा थकला. थकलो नव्हतो. माझं बोलणं तुझ्याशी होतं, त्यांच्याशी नव्हतं. ते तिथं राहिलं म्हणून इथं लिहितोय.

अस्लमला दुसऱ्या दिवशी माण गावात लग्नाचा मांडव होता. त्यानं संध्याकाळीच सगळं सोडवलं आणि नेलं. पोरगाही गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आता हरभरा-बिरभरा बंद करा, चला आमच्याकडं." मी म्हटलं, "बघू."

सोमवारी सकाळी उठलो, चूल पेटवली नाही, फावडं घेतलं आणि बांधावर गेलो. पाण्यावर धुकं होतं. रस्त्याला टेम्पो नव्हता. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो. मला माहीत होतं तू येणार नाहीस, मी काही खुळा झालेलो नाही. पण भांडायचं ठरलं होतं, आणि ठरलेल्या जागी मी नाही असं कोणी म्हणायला नको.

माझी बाजू मी मांडली. "उशिरा पेरलं की घाटं भरत न्हाईत," मी म्हणालो. थांबलो. "पाव्हणं तुजं, हरभरा माजा," जरा मोठ्यानं म्हणालो. जवळच्या बदकानं मान वळवून बघितलं आणि परत पाण्यात चोच घातली.

फावडं उचललं आणि तसंच धरून राहिलो. दर वर्षी मी जिंकायचो ते समोर तू असायचास म्हणून. तू आठ दिवस मागायचास, मी नाही म्हणायचो, तू शिव्या द्यायचास, मग फावड्याला जोर यायचा. आज मारलं असतं तर ते नुसतं काम झालं असतं. आणि गडी आला नाही म्हणून निकाल आपल्या बाजूनं लावून घेणारा माणूस मी नाही, हमीद. माझं म्हणणं बरोबरच आहे. पण ते ऐकायला तू नाहीस, तेव्हा या वर्षी तुझं राहू दे. आठ दिवस. त्याच्यावर एक दिवस मिळणार नाही.

आदल्या दिवशीच्या गर्दीनं बांध एके ठिकाणी दबला होता आणि तिथून पाण्याची बारीक धार लागली होती. मी खाली उतरलो. गाळाची चार फावडी काढून त्या जागी टाकली, पायानं दाबली, फावड्याच्या पाठीनं थापून बसवली. धार थांबली. मग फावडं खांद्यावर टाकलं, आणि पाखरं उठू नयेत म्हणून लांबच्या वाटेनं घरी गेलो.